ओले कर्क क्रिस्टियानसेन

ओले कर्क क्रिस्टियानसेन (७ एप्रिल १८९१ – ११ मार्च १९५८) हे डेन्मार्कमधील सुतार, खेळणी बनविणारे कारागीर आणि लेगो या जगप्रसिद्ध खेळणी उद्योगाचे संस्थापक होते. जटलंड द्वीपकल्पातील बिलुंड या छोट्या खेड्यात त्यांनी सुतारकामाचा व्यवसाय सुरू केला. १९३० च्या दशकातील आर्थिक मंदीत घरबांधणीची कामे थांबली, तेव्हा ते लाकडी खेळण्यांकडे वळले. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचे उत्पादन त्यांच्याच हयातीत, १९४९ मध्ये सुरू झाले. या विटांपासून घरे, पूल, वाहने व संपूर्ण नगरे रचण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. ही वीट मूळची त्यांची कल्पना नव्हती. तिला अंतिम रूप देण्याचे कामही मुख्यतः त्यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी केले. मात्र ज्या कारखान्यात हे घडले तो कारखाना, तेथील कामाची शिस्त आणि लाकूड सोडून प्लास्टिककडे जाण्याचा धाडसी निर्णय ओले कर्क यांचा होता.

बालपण आणि शिक्षण

ओले कर्क यांचा जन्म जटलंडमधील फिल्स्कोव्ह गावाच्या परिसरात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. आईवडिलांच्या अनेक अपत्यांपैकी ते दहावे होते. त्या काळी जटलंडचा हा भाग माळरानाचा आणि निकृष्ट जमिनीचा होता. लहान मुलांनाही कामाला हातभार लावावा लागे. लहानपणी ओले कर्क गुरेमेंढ्या राखीत आणि राखणीच्या वेळी हाती लागलेले लाकूड चाकूने कोरीत बसत. लाकडाशी त्यांची ओळख येथूनच झाली.

वयाच्या चौदाव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या हाताखाली सुतारकाम शिकू लागले. उमेदवारी संपल्यावर त्या काळच्या कारागिरांच्या प्रथेप्रमाणे ते कामाच्या शोधात परदेशी गेले. जर्मनी व नॉर्वे येथे त्यांनी काही वर्षे काम केले. नॉर्वेमध्ये असताना हान्सिने सोरेन्सेन यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १९१६ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षी शिलकीतून आणि कर्जातून त्यांनी बिलुंड येथील सुतारकामाचा एक कारखाना विकत घेतला. पुढील सारे आयुष्य त्यांनी या गावात काढले.

बिलुंडमधील सुतारकाम

बिलुंड हे तेव्हा रेल्वेमार्गावरील एक लहानसे खेडे होते. आसपासच्या शेतकऱ्यांची घरे, गोठे, दारे-खिडक्या व कपाटे ही ओले कर्क यांची मुख्य कामे असत. काही सार्वजनिक इमारतींची कामेही त्यांनी केली. उन्हाळ्यात बांधकामे चालत. हिवाळ्यात कारखान्यात फर्निचर बनविले जाई. काम चोख करणारा माणूस अशी पंचक्रोशीत त्यांची ख्याती होती. पैशाच्या वसुलीत मात्र ते तितकेसे कठोर नव्हते, त्यामुळे कर्जाचा भार त्यांच्यावर कायम राहिला.

ओले कर्क हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. डेन्मार्कमधील इनर मिशन या धार्मिक चळवळीशी त्यांचे कुटुंब जोडलेले होते. कामाचा दिवस प्रार्थनेने सुरू करण्याची प्रथा त्यांनी कारखान्यात दीर्घकाळ पाळली. हान्सिने आणि ओले कर्क यांना योहानेस, कार्ल गेओर्ग, गॉटफ्रेड आणि गेरहार्ट हे चार पुत्र झाले. पुढे चौघांनीही वडिलांच्या कारखान्यात काम केले.

१९२४ ची आग

१९२४ च्या वसंत ऋतूत एका रविवारी कार्ल गेओर्ग आणि गॉटफ्रेड ही दोन लहान मुले कारखान्यात खेळत होती. सरस गरम करण्याची शेगडी पेटविण्याच्या प्रयत्नात रंध्याच्या ढलप्यांनी पेट घेतला. पाहता पाहता कारखाना आणि त्याला लागून असलेले राहते घर जळून खाक झाले. सुदैवाने कोणाच्या जीविताला धोका पोहोचला नाही.

या हानीनंतर लहानसा आडोसा उभारून पुन्हा काम सुरू करणे हा सोपा मार्ग होता. ओले कर्क यांनी तसे न करता एका वास्तुविशारदाकडून आराखडा करून घेऊन पूर्वीपेक्षा मोठे घर व कारखाना बांधला. घराच्या दाराशी दोन सिंहांच्या मूर्ती बसविल्या. गावाच्या मानाने ही वास्तू बरीच मोठी होती. ती आजही उभी आहे आणि सिंहांचे घर म्हणून ओळखली जाते. या बांधकामाने कर्ज मात्र आणखी वाढले, आणि काही वर्षांतच आलेल्या मंदीत त्याची झळ त्यांना बसली.

मंदी आणि खेळण्यांची सुरुवात

१९२९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आर्थिक मंदीचा फटका थोड्याच काळात डेन्मार्कच्या शेतीला बसला. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्यांनी नवी घरे बांधणे थांबविले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या सुताराचे कामही थांबले. ओले कर्क यांना कामगार कमी करावे लागले.

मोठी कामे मिळत नसतील तर लाकडाच्या छोट्या, स्वस्त आणि रोजच्या उपयोगाच्या वस्तू बनवाव्यात, असा विचार करून १९३२ मध्ये त्यांनी घडीच्या शिड्या व इस्त्रीचे फळे बनविण्यास आरंभ केला. त्यांच्याच जोडीला उरलेल्या लाकडापासून खेळणीही बनू लागली. मोटारी, आगगाड्या, विमाने, चाकांवर चालणारे प्राणी आणि यो-यो असे त्यांचे स्वरूप होते.

याच वर्षी हान्सिने यांचे निधन झाले. सर्वांत धाकटा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. धंदा बुडत चाललेला, डोक्यावर कर्ज आणि घरात आईविना चार मुले अशा अवस्थेत ओले कर्क यांनी खेळणी बनविण्याचे काम चालू ठेवले. एका घाऊक व्यापाऱ्याने खेळण्यांची मोठी मागणी नोंदविली होती, परंतु माल उचलण्याआधीच त्याचे दिवाळे निघाले. तेव्हा ओले कर्क स्वतः गाडीत माल भरून गावोगावच्या दुकानांत विकण्यास गेले. रोख पैसा दुर्मीळ असल्याने काही वेळा खेळण्यांच्या बदल्यात खाद्यपदार्थ घ्यावे लागत.

कर्जासाठी त्यांनी भावंडांकडे जामीनकीची विनंती केली. भावंडांनी मदत केली, पण खेळण्यांचा नाद सोडून एखादा उपयुक्त धंदा करावा असा आग्रहही धरला. मंदीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या दृष्टीने खेळणी ही चैनीची वस्तू होती. तरीही ओले कर्क यांनी हा सल्ला मानला नाही. कितीही ओढाताण असली तरी आईवडील मुलांसाठी थोडे काही घेतातच, असा त्यांचा अनुभव होता. शिवाय खेळणी बनविण्यात त्यांना स्वतःला आनंद मिळत असे.

यो-योचा प्रसंग त्यांच्या व्यवहारबुद्धीची साक्ष देतो. त्या सुमारास यो-योची लाट आली आणि मागणी पुरविता येईना. लाट ओसरल्यावर मोठा साठा पडून राहिला. ओले कर्क यांनी त्या गोल लाकडी चकत्या फेकून न देता खेळण्यातील गाड्यांची चाके म्हणून वापरल्या. तयार झालेल्या तुकड्याला नवा उपयोग देण्याची ही रीत पुढील काळातील विटांच्या खेळाच्या वृत्तीशी जुळणारी आहे.

१९३४ मध्ये त्यांनी सोफी योर्गेन्सेन यांच्याशी दुसरा विवाह केला. पुढील वर्षी त्यांना उल्ला ही कन्या झाली.

लेगो हे नाव

खेळणी हाच मुख्य व्यवसाय ठरल्यावर त्याला स्वतंत्र नाव हवे होते. १९३४ मध्ये ओले कर्क यांनी आपल्या कामगारांमध्ये नाव सुचविण्याची स्पर्धा ठेवली. घरी बनविलेल्या द्राक्षारसाची एक बाटली हे बक्षीस होते. शेवटी त्यांनी स्वतः सुचविलेले नावच निवडले गेले. नीट खेळ किंवा छान खेळ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून लेगो हा शब्द तयार झाला. लॅटिन भाषेत याच रूपाचे एक क्रियापद असून त्याचा अर्थ गोळा करणे किंवा वाचणे असा होतो. त्याचाच विस्तार करून जुळविणे, एकत्र रचणे असा अर्थ लावला जातो. नाव ठेवताना हा अर्थ ओले कर्क यांच्या मनात नव्हता. विटांचा शोधही तेव्हा पंधरा वर्षे दूर होता.

गुणवत्तेचा आग्रह

लेगोच्या लाकडी खेळण्यांसाठी मुख्यतः बीच वृक्षाचे नीट वाळविलेले लाकूड वापरले जाई. तुकडे कापणे, घासून गुळगुळीत करणे, रंग देणे आणि वॉर्निशचे तीन हात देणे असा क्रम ठरलेला होता. १९३५ च्या सुमारास आलेले चाकांवरील लाकडी बदक या काळातील सर्वांत प्रसिद्ध खेळणे होते. दोरीने ओढले की त्याची चोच उघडझाप करी.

या बदकाशी निगडित एक हकिकत कंपनीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. तरुण गॉटफ्रेड यांनी बदकांच्या एका खेपेला तीनऐवजी दोनच हात देऊन माल रेल्वे स्थानकावर पोहोचविला आणि वॉर्निशची बचत केल्याचे वडिलांना अभिमानाने सांगितले. ओले कर्क यांनी त्यांना लगेच स्थानकावर परत पाठविले. खोकी आणून, बदके बाहेर काढून, तिसरा हात देऊन ती पुन्हा भरून त्याच रात्री परत पोहोचविण्याचे काम गॉटफ्रेड यांना एकट्याने करावे लागले. ग्राहकाला जे दिसत नाही त्यातही कसूर नको, हा धडा त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला. मुलांना सर्वोत्तम वस्तू दिली तरी ती फार चांगली होत नाही, अशा आशयाचे ओले कर्क यांचे ब्रीद गॉटफ्रेड यांनी लाकडी फळीवर कोरून कारखान्यात लावले.

महायुद्ध आणि दुसरी मोठी आग

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला. परदेशी खेळण्यांची आयात थांबल्याने व इतर साहित्याच्या टंचाईमुळे देशात बनलेल्या लाकडी खेळण्यांची मागणी वाढली. धंद्याला बरकत येत असतानाच मार्च १९४२ मध्ये एका रात्री कारखाना पुन्हा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. या वेळी इमारतीबरोबर अनेक वर्षांत तयार केलेले नमुने आणि आराखडेही नष्ट झाले.

ओले कर्क तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. सारे सोडून द्यावे किंवा दुसऱ्या गावी जावे, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. परंतु कारखान्यावर पोट असलेल्या कामगारांची जबाबदारी त्यांना टाळता आली नाही. बिलुंडमध्येच नवा कारखाना उभारण्यात आला. तो केवळ खेळण्यांच्या उत्पादनासाठी आखलेला होता. पुढील वर्षी कामगारांची संख्या सुमारे ४० झाली. १९४४ मध्ये या कौटुंबिक व्यवसायाचे रूपांतर रीतसर कंपनीत करण्यात आले.

प्लास्टिककडे

युद्धानंतर युरोपात लाकूड व इतर कच्चा माल महाग झाला होता, तर प्लास्टिक हा नवा पदार्थ बाजारात येत होता. १९४६ मध्ये ओले कर्क यांनी इंग्लंडमध्ये बनलेले प्लास्टिकचे साचेकाम करणारे यंत्र मागविण्याचे ठरविले. या यंत्रात प्लास्टिकचे दाणे तापवून मऊ केले जातात व ते दाबाने धातूच्या साच्यात भरले जातात. थंड झाल्यावर साचा उघडला की तयार वस्तू बाहेर येते. यंत्राची किंमत सुमारे ३०,००० डॅनिश क्रोनर होती. लहान कंपनीसाठी ही रक्कम फार मोठी होती. कुटुंबातील मंडळींनाही हा खर्च अविचारी वाटला. आयुष्यभर लाकडात काम केलेल्या सुताराने साठीकडे झुकताना लाकूड सोडण्याची तयारी करावी, हे अनेकांना पटणारे नव्हते. ओले कर्क आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

यंत्राच्या विक्रेत्यांकडून त्यांना प्लास्टिकच्या काही विटांचे नमुने मिळाले होते. या विटा इंग्लंडमधील किडिक्राफ्ट कंपनीचे संस्थापक हिलरी फिशर पेज (१९०४–१९५७) यांनी कल्पिलेल्या होत्या. पेज यांनी त्यांचे एकस्व ब्रिटनमध्ये व इतर काही देशांत घेतले होते, परंतु डेन्मार्क त्यांत नव्हता. ओले कर्क व गॉटफ्रेड यांनी नमुन्यांत काही फेरफार केले. इंचातील मापे मेट्रिक पद्धतीत आणली, कडा अधिक सरळ केल्या आणि वरच्या गोल घुंड्यांचा माथा सपाट केला. अशा रीतीने तयार झालेल्या, आपोआप जोडल्या जाणाऱ्या विटा या अर्थाच्या नावाने लेगोची पहिली वीट १९४९ मध्ये डेन्मार्कच्या बाजारात आली.

लेगोच्या इतिहासातील हा भाग दीर्घकाळ फारसा चर्चिला गेला नाही. पुढे कंपनीने पेज यांच्या विटांचे ऋण मान्य केले आणि १९८१ मध्ये किडिक्राफ्टच्या विटांचे हक्क विकत घेतले. तोपर्यंत पेज आणि ओले कर्क हे दोघेही हयात नव्हते. विटेचा मूळ शोधक पेज आणि तिला पूर्णत्वास नेणारे क्रिस्टियानसेन कुटुंब, अशी श्रेयाची विभागणी करणे वस्तुस्थितीला धरून होईल.

विक्रीतील अडचणी

सुरुवातीच्या विटा पोकळ होत्या. वर घुंड्या, आत रिकामी जागा आणि कडेला खिडकी-दार बसविण्यासाठी चिरा, अशी त्यांची रचना होती. वरच्या विटेच्या भिंती खालच्या विटेच्या घुंड्यांना केवळ बाहेरून धरीत, त्यामुळे जोड सैल राही. रचलेले घर उचलले की विटा सुटत. सुताराच्या भाषेत सांगायचे तर कूस बसली होती, पण ती पकडत नव्हती. दुकानदारांनाही प्लास्टिकच्या खेळण्यांविषयी फारसा भरवसा नव्हता. न खपलेला माल परत येत असे. त्या काळी कंपनीचा डोलारा लाकडी खेळणी आणि प्लास्टिकची इतर खेळणी यांवरच उभा होता. १९५० च्या दशकारंभी आलेला प्लास्टिकचा ट्रॅक्टर त्यांपैकी विशेष लोकप्रिय ठरला.

खेळाची प्रणाली

१९५० मध्ये गॉटफ्रेड यांच्यावर व्यवस्थापनाची मोठी जबाबदारी सोपविण्यात आली. ओले कर्क यांची प्रकृती या दशकात खालावत गेली आणि कारभाराची सूत्रे हळूहळू पुत्राकडे गेली. १९५४ मध्ये इंग्लंडच्या प्रवासात बोटीवर गॉटफ्रेड यांची कोपनहेगनमधील एका मोठ्या दुकानाच्या खरेदी-अधिकाऱ्याशी भेट झाली. खेळण्यांच्या धंद्यात कोणतीही सुसंगत प्रणाली नाही, अशी त्या अधिकाऱ्याची तक्रार होती. प्रत्येक खेळणे सुटे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि मुलाला कंटाळा आला की ते निरुपयोगी.

गॉटफ्रेड यांनी कंपनीच्या सर्व खेळण्यांकडे या दृष्टीने पाहिले. प्रणाली होण्याची क्षमता केवळ विटेत होती. आज घेतलेली वीट उद्या घेतलेल्या विटेला जोडता येते. संच वाढेल तसा खेळ वाढतो, आणि एका घराच्या विटांतून दुसरे घर किंवा पूल होऊ शकतो. १९५५ मध्ये या विचारावर आधारलेली मालिका बाजारात आली. तिच्यात २८ संच व ८ वाहने होती. रस्ते आखलेल्या पटावर मुलांनी स्वतःचे नगर वसवावे, अशी तिची मांडणी होती. पुढील वर्षी जर्मनीमध्ये विक्रीसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

१९५८: एकस्व आणि मृत्यू

जर्मनीतील विक्री वाढू लागली तशी सैल जोडाची तक्रारही वाढली. जानेवारी १९५८ मध्ये गॉटफ्रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. विटेच्या पोकळीत नळ्या बसविल्या की खालच्या विटेच्या घुंड्या भिंत आणि नळी यांच्यामध्ये घट्ट अडकतात. दोन घुंड्या रुंद व चार घुंड्या लांब अशा विटेत तीन नळ्या पुरतात. घुंडीला तीन ठिकाणी पकड मिळाल्याने जोड पक्का होतो, तरीही लहान मुलाच्या हातांनी तो सोडविता येतो. २८ जानेवारी १९५८ रोजी दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी कोपनहेगन येथे या रचनेच्या एकस्वासाठी अर्ज दाखल झाला. नळ्यांऐवजी वापरता येतील अशा इतर रचनांचाही त्यात समावेश होता.

त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने ओले कर्क यांचे बिलुंड येथे निधन झाले. ते ६६ वर्षांचे होते. ज्या विटेमुळे त्यांच्या कारखान्याचे नाव जगभर पोहोचले, ती पूर्ण रूपात बाजारात आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मृत्यूनंतर

कंपनीची सूत्रे गॉटफ्रेड यांच्याकडे आली. फेब्रुवारी १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचा विभाग आगीत जळाला. तो पुन्हा न उभारता लाकडी खेळण्यांचे उत्पादन कायमचे बंद करण्याचा निर्णय गॉटफ्रेड यांनी घेतला. भावांपैकी कार्ल गेओर्ग व गेरहार्ट यांनी पुढे कंपनी सोडली. ज्या लाकडापासून हा व्यवसाय सुरू झाला होता ते त्यातून नाहीसे झाले. विटांसाठी १९६३ पासून अधिक टिकाऊ, रंग न उडणारे आणि माप न बदलणारे एबीएस प्लास्टिक वापरले जाऊ लागले. १९६४ मध्ये बिलुंडला विमानतळ झाला आणि ७ जून १९६८ रोजी तेथे लेगोलँड हे विटांच्या प्रतिकृतींचे उद्यान सुरू झाले. ओले कर्क यांच्या नावाने स्थापन झालेला न्यास डेन्मार्कमध्ये मुलांच्या हिताच्या व इतर समाजोपयोगी कामांना साहाय्य करतो.

विटेचे गणित आणि स्वनिर्मित प्रतिकृती

१९५८ ची वीट आजच्या विटेला जोडता येते. हे शक्य होते ते मापांच्या काटेकोरपणामुळे. शेजारील दोन घुंड्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर असते. चपट्या विटेची उंची तिच्या एकतृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर असते. त्यामुळे तीन चपट्या विटा एकावर एक ठेवल्या की एका पूर्ण विटेची उंची होते, आणि पाच चपट्या विटांची उंची दोन घुंड्यांच्या रुंदीइतकी, म्हणजे १६ मिलिमीटर भरते. या नात्यामुळेच विटा आडव्या लावूनही रचना जुळविता येते. खिडकीची चौकट, कमान किंवा नक्षीदार दर्शनी भिंत करणारे कुशल रचनाकार या गुणोत्तराचा सतत उपयोग करतात.

दोन गुणिले चार घुंड्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. अशा सहा विटांसाठी ही संख्या ९१,५१,०३,७६५ इतकी होते. कंपनीने आखून दिलेल्या संचाबाहेर जाऊन स्वतःच्या कल्पनेने रचना करण्याच्या छंदाला एवढा वाव मिळतो तो यामुळे.

प्रौढ छंदिष्टांमध्ये भागश: उकलता येणाऱ्या इमारतींच्या रचना विशेष प्रिय आहेत. अशा इमारतीचा प्रत्येक मजला स्वतंत्रपणे रचला जातो. खालच्या मजल्याच्या माथ्यावर बहुतांश गुळगुळीत, घुंड्या नसलेल्या चकत्या लावून मोजक्याच घुंड्या उघड्या ठेवल्या जातात, म्हणजे वरचा मजला सहज उचलून आतील खोल्या पाहता येतात. इमारतीच्या बाजूंना ठरावीक जागी छिद्रे असलेल्या विटा बसवून खुंटीने शेजारची इमारत जोडता येते. वेगवेगळ्या व्यक्तींनी आपापल्या घरी रचलेल्या इमारती प्रदर्शनाच्या दिवशी एका रांगेत लावल्या की अखंड रस्ता तयार होतो. २००७ मध्ये कंपनीने ३२ गुणिले ३२ घुंड्यांच्या पटावरील कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाचा संच काढून या प्रकाराची अधिकृत मालिका सुरू केली.

विटा हाती घेण्याआधी संगणकावर रचना करून पाहण्याची सोयही आता आहे. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन यांनी एलड्रॉ ही आज्ञावली तयार करून या पद्धतीचा पाया घातला. कोणत्या रंगाच्या किती विटा लागतील याची यादी अशा साधनांमुळे आधीच मिळते.

मूल्यमापन

ओले कर्क यांच्या चरित्राला काही वेळा यशोगाथेचे सरधोपट रूप दिले जाते. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग कर्ज, आगी आणि घरातील दुःख यांनी व्यापलेला होता. विटांपासून मोठा नफा होऊ लागला तो त्यांच्या पश्चात. त्यांनी स्वतः बनविलेल्या वस्तू लाकडाच्या होत्या, आणि आज त्या संग्राहकांकडे व संग्रहालयांतच पाहावयास मिळतात.

तथापि, लाकडाच्या कामातील त्यांची शिस्त प्लास्टिकमध्ये उतरली. बदकाला दिलेला वॉर्निशचा तिसरा हात आणि मिलिमीटरच्या सूक्ष्म भागापर्यंत जपलेले विटेचे माप यांमागे एकच दृष्टी आहे. एक वीट किंचित सैल निघाली तरी तिच्यावर रचलेले सारे ढासळते. त्यामुळे या खेळात गुणवत्ता हा शोभेचा गुण न राहता खेळाची मूलभूत अट ठरते. जटलंडच्या माळावर मेंढ्या राखताना चाकूने लाकूड कोरणाऱ्या मुलाने पुढे ही अट आपल्या कारखान्यात रुजविली, आणि त्याच्या मृत्यूनंतरही ती पाळली गेली.